बारावीनंतर वर्दीची वाट: आधी वर्षे मोजा, मग दल निवडा

‘सैन्यात जायचे आहे’ या एका वाक्यामागे निदान सात-आठ निरनिराळ्या नोकऱ्या असतात. चार वर्षांसाठी जाणारा अग्निवीर, खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडणारा अधिकारी, तटरक्षक दलाचा नाविक आणि सीमा सुरक्षा दलाचा जवान हे चौघेही गणवेश घालतात, पण त्यांची भरती वेगळी, मंत्रालय कधी कधी वेगळे, सेवेची वर्षे वेगळी आणि साठीनंतर हातात पडणारा पैसा तर अगदीच वेगळा. अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सल्ला देताना हा फरक आधी समजावून सांगितला नाही, तर बाकीचे प्रोत्साहन कितीही मनापासून दिले तरी ते अर्धवट राहते.

साताऱ्यात किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या गावात ही माहिती विचारायला फार लांब जावे लागत नाही. भावकीत कोणी ना कोणी सुभेदार म्हणून निवृत्त झालेला असतो. ठाणे आणि नवी मुंबईत तसे नाही. इथे वर्दी रोज दिसते, पण तिच्याविषयी विचारायला माणूस मिळत नाही. कोलशेतला हवाई दलाचे ठाणे आहे, उरणजवळ करंजाला नौदल आहे, तळोज्याला शीघ्र कृती दलाची १०२वी बटालियन आहे, नेरुळजवळ करावे इथे ‘टी. एस. चाणक्य’ आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हे सारे एकाच कुटुंबातले वाटते. प्रत्यक्षात शीघ्र कृती दल हा गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील केंद्रीय राखीव पोलीस दलाचा भाग आहे, आणि टी. एस. चाणक्यमध्ये तर मर्चंट नेव्हीचे, म्हणजे व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडतात. तिथल्या पांढऱ्या गणवेशाचा भारतीय नौदलातील नोकरीशी थेट संबंध नाही. माहिती विचारायला कोणी नसल्यामुळे आपल्याकडची बहुतेक घरे थेट खासगी अ‍ॅकॅडमीच्या फलकावरचा नंबर लावतात, आणि अ‍ॅकॅडमी साहजिकच स्वतःकडे चालू असलेल्या बॅचचीच वाट दाखवते.

माझे मत पहिल्यापासून एकच आहे: कोणते दल मोठे आणि कोणते लहान हा वाद बाजूला ठेवावा आणि आधी वर्षे मोजावीत. भरतीसाठी वयाची किती वर्षे हातात आहेत, नोकरी किती वर्षांची आहे, आणि ती संपेल त्या दिवशी आपण किती वर्षांचे असू व हातात काय असेल. ही तीन उत्तरे कागदावर मांडली की निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

वयाचा हिशेब

सर्वांत लवकर हातची जाणारी संधी म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, ज्याला सगळे एनडीए म्हणतात. कागदोपत्री तिची वयोमर्यादा साडेसोळा ते साडेएकोणीस अशी आहे, आणि घरोघरी इथेच चूक होते. हे वय परीक्षेच्या दिवशीचे नसून प्रबोधिनीतील अभ्यासक्रम सुरू होतो त्या सुमाराचे मोजले जाते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या परीक्षेतून निवडलेल्यांचा अभ्यासक्रम पुढच्या जानेवारीत सुरू होतो. म्हणजे त्या परीक्षेला बसताना उमेदवार साधारण पावणेएकोणीस वर्षांच्या आत असावा लागतो. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो, म्हणून नेमाने पाहणाऱ्या विद्यार्थ्याला तीन-चार संधी सहज मिळतात. ‘आधी बारावी होऊ दे, मग एखादे वर्ष सीईटी, मग बघू’ असे म्हणणाऱ्या घरात मात्र एखादीच उरते किंवा एकही उरत नाही.

याउलट पदवीनंतर अधिकारी होण्यासाठी द्यायची सीडीएस परीक्षा घाई करत नाही. डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीसाठी चोविसाव्या वर्षापर्यंत, तर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत वाव असतो. अग्निवीर भरती साडेसतराव्या वर्षी सुरू होते आणि योजनेच्या मूळ आखणीत ती एकविसाव्या वर्षापर्यंत आहे. नेमक्या जन्मतारखा प्रत्येक जाहिरातीत दिलेल्या असतात आणि गेल्या वर्षीची जाहिरात या वर्षी चालत नाही. केंद्रीय पोलीस दलांतील जवानांच्या भरतीला साधारण अठरा ते तेवीस ही मर्यादा आहे आणि आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. महाराष्ट्र पोलीस दलात खुल्या प्रवर्गालाही अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत अर्ज करता येतो.

यातून निघणारा क्रम सरळ आहे. लवकर संपणाऱ्या संधीसाठी आधी प्रयत्न करावा. बारावीला गणित घेतलेल्या, अभ्यासात बरी गती असलेल्या मुलाने किंवा मुलीने निदान दोनदा एनडीएची परीक्षा द्यावी, असे मी आग्रहाने सांगतो. त्यात अपयश आले तरी बाकीच्या बहुतेक वाटा शिल्लक राहतात. उलट क्रमाने गेल्यास तसे होत नाही.

अग्निपथ: चार वर्षांचा करार नीट वाचा

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींमध्ये जवान, नाविक व वायुसैनिक यांची नेहमीची भरती याच मार्गाने होते. सेवा चार वर्षांची. चार वर्षांनंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाते आणि त्यांना पुढे किमान पंधरा वर्षे सेवा करावी लागते. उरलेले घरी परततात. या चार वर्षांत लग्न करता येत नाही. वर्षाला तीस दिवसांची रजा असते.

पैशांचे गणित इथे सविस्तर मांडतो, कारण ‘बारा लाख मिळतात’ एवढेच ऐकून निर्णय घेणारी घरे मी पाहिली आहेत. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० रुपये ठरलेले आहेत, पण त्यातील तीस टक्के, म्हणजे ९,००० रुपये, सेवानिधीत (सेवा संपताना एकरकमी मिळणाऱ्या निधीत) कापले जातात आणि हातात २१,००० येतात. दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असा आकडा वाढत जातो आणि कपातही त्याच प्रमाणात वाढते. चौथ्या वर्षी हातात येतात ते २८,०००. कठीण आणि जोखमीच्या ठिकाणी नेमणूक झाली तर त्याचे भत्ते वेगळे. चार वर्षांची कपात मिळून सुमारे ५ लाख २ हजार रुपये होते. तेवढीच रक्कम सरकार घालते आणि व्याज धरून सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवा संपताना मिळतात. त्यावर प्राप्तिकर नाही. थोडक्यात, त्या पैशांतला जवळजवळ अर्धा वाटा त्या मुलाच्याच पगारातून गेलेला असतो. निवृत्तिवेतन नाही, उपदान (ग्रॅच्युइटी) नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. सेवेच्या काळात ४८ लाखांचे विमा संरक्षण असते आणि त्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही.

बारा लाखांच्या आत-बाहेरची ही रक्कम ठाण्यात घर घेऊन देत नाही, फार तर घराच्या पहिल्या हप्त्याला हातभार लावते. परंतु ज्या घरात वडील एकटे कमावते आहेत, बहिणीचे शिक्षण बाकी आहे आणि मुलगा पदवीच्या नावाखाली तीन वर्षे नुसता कॉलेजच्या कट्ट्यावर बसणार आहे हे सगळ्यांना दिसते आहे, त्या घरासाठी बाविसाव्या वर्षी हातात शिस्त, तंदुरुस्त शरीर आणि अकरा-बारा लाख रुपये असणे ही छोटी गोष्ट नाही. म्हणून अग्निपथ चांगले की वाईट, या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर देणे मला पटत नाही. विचारायचा प्रश्न असा आहे: चार वर्षांनी पंचाहत्तर टक्क्यांमध्ये आपले नाव आले, तर पुढच्या सोमवारी आपण काय करणार? त्याचे उत्तर तयार असेल तर जावे.

ते उत्तर सेवेत असतानाच तयार करता येते. दहावी उत्तीर्ण होऊन गेलेल्या अग्निवीराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे. बारावी झालेल्यांसाठी इग्नूने खास पदवी अभ्यासक्रम ठेवला असून लष्करी प्रशिक्षणाचे श्रेयांक त्यात निम्म्यापर्यंत धरले जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी दहा टक्के जागा आणि वयाची सवलत जाहीर झाली. अठराव्या वर्षी गेलेला आणि नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणारा तरुण बाविसाव्या वर्षी बाहेर येतो, तेव्हा सीडीएससाठी त्याच्या हातात अजून दोन-तीन वर्षे असतात. जाण्यापूर्वीच ही आखणी केलेला मुलगा आणि ‘पंचवीस टक्क्यांत मी असणारच’ या भरवशावर गेलेला मुलगा, या दोघांची चौथ्या वर्षाच्या अखेरची मनःस्थिती सारखी नसते.

अग्निवीर हेही एकच पद नाही. भूदलात जनरल ड्यूटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के लागतात. टेक्निकलसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी हवे. क्लार्क व स्टोअरकीपरसाठी बारावीला साठ टक्के आणि प्रत्येक विषयात पन्नास टक्के अशी अट आहे. ट्रेड्समनच्या काही जागा आठवी उत्तीर्णांनाही खुल्या असतात. २०२३ पासून भूदलात आधी संगणकावरची सामाईक लेखी परीक्षा होते आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावले जाते. २०२२ साली मुंब्र्याला जी भरती झाली, तेव्हा आधी मैदान आणि नंतर लेखी असा उलटा क्रम होता. त्यामुळे त्या वेळी गेलेल्या दादाचा सल्ला आजच्या मुलाला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. आता फक्त धावण्याचा सराव करून भागत नाही, आधी अभ्यास लागतो.

अधिकाऱ्याची वाट आणि पाच दिवसांची एसएसबी

आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून एनडीएचा अर्जच फार कमी जातो, याचे मला फार वाईट वाटते. त्याचे कारण बहुतेक वेळा बुद्धी नसून धास्ती असते. लेखी परीक्षेत गणिताचे ३०० आणि सामान्य क्षमतेचे ६०० असे ९०० गुण असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी व हिंदीत असते. भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण गणिताची प्रश्नपत्रिका सगळ्यांनाच सोडवावी लागते. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. म्हणून अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्या मुलाला, त्यातून काय काय बंद होते, हे त्याच वेळी सांगायला हवे. परीक्षा देणारे लाखांत असतात आणि जागा चारशेच्या आसपास, हेही खरे आहे. पण लेखीतून पुढे गेलेल्यांपैकीही बहुतेकजण मुलाखत मंडळासमोर, म्हणजे एसएसबीत, गळतात, आणि आपल्या भागातल्या मुलांची तयारी नेमकी तिथेच कमी पडते.

एसएसबी ही टेबलापलीकडे बसलेल्या साहेबांची अर्ध्या तासाची मुलाखत असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती प्रयागराज, भोपाळ, बंगळुरू, जालंधर, म्हैसूर, डेहराडून अशा केंद्रांवर राहून द्यायची पाच दिवसांची परीक्षा आहे आणि तिचेही ९०० गुण आहेत. पहिल्याच दिवशी चाळणी लागते. बुद्धिमापनाच्या प्रश्नांनंतर पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दिसते. समजा चित्रात नदीकाठी दोन-तीन माणसे आहेत आणि एकजण वाकलेला आहे. मग चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची: ही माणसे कोण, आधी काय झाले, आता काय चालले आहे, पुढे काय होईल. त्यानंतर पंधराएक उमेदवार गोलात बसतात, प्रत्येकजण आपली गोष्ट सांगतो आणि सर्वांनी मिळून एक गोष्ट ठरवायची असते. या दहा-पंधरा मिनिटांत निम्म्याहून अधिक लोक गळू शकतात. अ‍ॅकॅडमीत पाठ केलेली ‘गावात पूर आला, नायकाने सर्वांना वाचवले’ ही गोष्ट तिथे दिवसातून कितीतरी वेळा ऐकू येते आणि परीक्षक ती ओळखतात. जो मुलगा दुसऱ्याचे ऐकून ‘याने सांगितलेले कारण माझ्यापेक्षा जास्त पटते’ असे स्वच्छ म्हणू शकतो, तो उठून दिसतो. हे बोलणे इंग्रजीत करावे लागते. ते फाडफाड असण्याची गरज नाही, पण न अडखळता आपला विचार मांडता आला पाहिजे. सोसायटीच्या गणेशोत्सवात कार्यक्रम उभा करणारा, वर्गणीचा हिशेब सांभाळणारा, भांडणारी दोन टोळकी एका कामाला लावणारा मुलगा ही तयारी नकळत करत असतो. त्याने ते अनुभव शब्दांत मांडायला शिकावे.

पुढच्या दिवसांत मानसशास्त्रीय चाचण्या होतात. शब्दचाचणीत साठ शब्द येतात आणि प्रत्येकासाठी पंधराच सेकंद मिळतात. मग मैदानावरची सामूहिक कामे, वैयक्तिक मुलाखत आणि शेवटच्या दिवशी सर्व परीक्षकांसमोरची बैठक. पहिल्यांदा नाकारले गेलेले आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निवडले गेलेले अधिकारी पुष्कळ आहेत. तेव्हा मुलगा पहिल्या दिवशीच परत आला तर नातेवाइकांत त्याची चर्चा करू नये.

निवड झाल्यावर तीन वर्षे खडकवासला, त्याबरोबरच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी, आणि नंतर भूदलासाठी डेहराडून, नौदलासाठी केरळातील एझिमला, हवाई दलासाठी हैदराबादजवळचे दुंडिगल. शेवटच्या प्रशिक्षणाच्या काळात ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते आणि लेफ्टनंटचे मूळ वेतनही तेवढ्यावरूनच सुरू होते. एनडीएतील शिक्षण, राहणे आणि जेवण यांचा खर्च सरकार करते. अभियांत्रिकीच्या एका वर्षाच्या शुल्काशी याची तुलना प्रत्येक पालकाने एकदा स्वतः करावी.

मुलींसाठी हा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशामुळे उघडला, २०२२ मध्ये पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली एनडीएतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. ‘मुलींना फक्त डॉक्टर किंवा नर्स म्हणून घेतात’ असे अजूनही सांगणाऱ्या आत्याबाई प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांना हा आकडा सांगावा. अग्निपथमध्येही भूदलाच्या लष्करी पोलीस विभागात आणि नौदलात मुलींची भरती होते.

एनडीए हुकली तरी अधिकारी होण्याच्या आणखी वाटा आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणितात चांगले गुण असतील तर जेईई मेनच्या गुणांवर भूदलाची तांत्रिक प्रवेश योजना आणि नौदलाची बी. टेक. योजना, दोन्हींसाठी अर्ज करता येतो आणि थेट एसएसबीला बोलावणे येते. म्हणजे जो मुलगा इंजिनीअरिंगसाठी जेईई देतोच आहे, त्याला वेगळी लेखी परीक्षा नको. हे आपल्याकडच्या कॉलेजांत फार थोड्यांना माहीत असते. हवाई दलासाठी पदवीधरांची एएफकॅट परीक्षा वर्षातून दोनदा होते. ज्याच्या कॉलेजात एनसीसी आहे त्याने पहिल्याच वर्षी नाव घालावे. ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवले आणि पदवीला पन्नास टक्के असले, तर भूदलाच्या एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येते. अग्निवीर भरतीतही एनसीसीला वाढीव गुण आहेत. अल्पसेवा कमिशनवर गेलेल्या भूदलाच्या अधिकाऱ्याची सेवा दहा वर्षांची असते आणि ती चार वर्षांनी वाढू शकते. कायम कमिशन मिळाले नाही आणि तो वीस वर्षे पूर्ण होण्याआधी बाहेर पडला, तर नेहमीचे निवृत्तिवेतन मिळत नाही. इथेही वर्षे मोजावीच लागतात.

महाराष्ट्र शासनाच्या दोन सोयी मात्र पालकांनी लक्षात ठेवाव्यात, कारण दोन्हींना पैसे जवळजवळ लागत नाहीत. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना निवडून दोन वर्षे एनडीएची तयारी करून घेते, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. अर्ज दहावीत असतानाच करायचा असतो. दुसरी सोय नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राची: एसएसबीचे बोलावणे आलेल्या राज्यातील उमेदवारांना तिथे विनामूल्य तयारी करून घेतात. त्याची चौकशी ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.

तटरक्षक, निमलष्करी दले आणि व्यापारी जहाजे

खाडी आणि समुद्र उशाला असलेल्या आपल्या भागात तटरक्षक दलाचा विचार इतका कमी का होतो, हे मला उमगलेले नाही. १९७७ मध्ये उभे राहिलेले हे दल संरक्षण मंत्रालयाखाली आहे, पण त्याची भरती अग्निपथमधून होत नाही. नाविक आणि यांत्रिक या पदांवर नियमित नोकरी मिळते. जनरल ड्यूटी नाविकासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र, डोमेस्टिक शाखेसाठी दहावी, तर यांत्रिकासाठी अभियांत्रिकी पदविका लागते. पॉलिटेक्निक केलेल्या आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंत्राटी काम करणाऱ्या मुलांनी यांत्रिकाची जाहिरात जरूर पाहावी.

सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल, इंडो-तिबेट सीमा पोलीस आणि सशस्त्र सीमा बल यांची जवानांची भरती कर्मचारी निवड आयोगाच्या जीडी (जनरल ड्यूटी) परीक्षेतून होते. पात्रता दहावी, मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून, आणि २०२४ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. नोकरी साठाव्या वर्षापर्यंतची असली तरी इथे सैन्यासारखी जुनी निवृत्तिवेतन योजना नाही. कष्ट आणि घरापासूनचे अंतर सैन्यापेक्षा कमी असते, हाही गैरसमज आहे. काश्मीर, छत्तीसगड आणि ईशान्येकडील नेमणुका हा या दलांचा नेहमीचा भाग आहे. घराजवळ राहण्याची इच्छा मनात असेल तर ती आधी कबूल करावी आणि महाराष्ट्र पोलीस भरतीचा विचार करावा. तिथे मैदानी चाचणीचे ५० आणि लेखीचे १०० गुण असतात.

मर्चंट नेव्हीबद्दल एवढेच: ती उत्तम नोकरी असू शकते, पण ती खासगी कंपनीची, कराराची नोकरी आहे आणि तिचा प्रवेश भारतीय सागरी विद्यापीठाच्या परीक्षेतून होतो. ‘नेव्हीत लावून देतो’ म्हणून पैसे मागणारे दलाल सीबीडी आणि वाशीच्या कार्यालयांत बसलेले असतात. भारतीय नौदलात कोणीही कोणाला ‘लावून’ देत नाही, आणि जो पैसे मागतो त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

शरीर आणि कागद

अग्निवीर जनरल ड्यूटीला महाराष्ट्रासाठी साधारण १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती, फुगवून पाच सेंटिमीटर जास्त, असे माप आहे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत धावले तर पूर्ण ६० गुण आणि दहा पुल-अप्सना ४० गुण मिळतात. शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडणे आणि तोल सांभाळत नागमोडी बीमवरून चालणे असते. पाम बीच रोडवर किंवा घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर पहाटे धावणारी भरतीची मुले मी पाहतो तेव्हा त्यांच्या नडगीची काळजी वाटते. रोज डांबरावर आणि काँक्रीटवर, झिजलेल्या बुटांत धावल्याने नडगी दुखू लागते, दुखणे अंगावर काढले तर हाडाला सूक्ष्म तडा जातो, आणि ऐन भरतीच्या महिन्यात मुलगा पायाला पट्टी बांधून घरी बसतो. आठवड्यातून निदान तीन दिवस मातीचे मैदान शोधावे, वेगाचा सराव एक दिवसाआड ठेवावा आणि दुखले की थांबावे.

वैद्यकीय तपासणी सगळ्यात शेवटी होते आणि तोवर दोन वर्षे गेलेली असतात. म्हणून क्लासचे शुल्क भरण्याआधी नेत्रतज्ज्ञाकडे दृष्टीबरोबर रंगज्ञानही तपासून घ्यावे, तळपाय सपाट आहेत का, उभे राहिल्यावर गुडघे एकमेकांना लागतात का, कानाच्या पडद्याला छिद्र आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. रंगांधळेपणा असलेल्या मुलाला तो आहे हे अनेकदा विसाव्या वर्षीच कळते. वैमानिक होण्याचे स्वप्न असेल तर ही तपासणी अकरावीतच व्हायला हवी. गोंदण्याबाबतही सांभाळावे. हाताच्या आतील बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागील बाजूला असलेले गोंदण चालते, दंडावर किंवा मानेवर हौसेने काढलेले कायमस्वरूपी टॅटू भरती अडवू शकते.

राहिले कागद. भूदलाची भरती अधिवासाच्या जिल्ह्यानुसार होते: ठाणे, पालघर, रायगड, मुंबई हे जिल्हे मुंबईच्या भरती कार्यालयाकडे येतात, तर साताऱ्याचा उमेदवार कोल्हापूरकडे जातो. कळव्यात वाढलेला, पण अधिवासाचा आणि जातीचा दाखला गावच्या तहसीलदाराचा असलेला मुलगा इथे अडकतो. कोणत्या जिल्ह्यातून अर्ज करायचा ते आधी ठरवून सर्व दाखले तिथलेच काढावेत. दुसरी अडचण नावाची. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग नाव, मग वडिलांचे नाव. आधारवर क्रम वेगळा असतो, कधी वडिलांचे नाव गाळलेले असते, कधी ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ असा इंग्रजी अक्षरांचा फरक पडतो. अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीख हीच प्रमाण धरली जाते, त्यामुळे आधार तिच्याशी जुळवून घ्यावे, आणि दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. त्याला महिने लागतात आणि जाहिरात आल्यावर अर्जाची मुदत जेमतेम काही आठवड्यांची असते, म्हणून हे काम बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच उरकून घ्यावे.